डाव्या पायाचा इतिहास

मोटारीत पायाशी तीन पेडलं असतात. त्यांतली दोन उजव्या पायाच्या वाट्याला येतात आणि उरलेलं एक डाव्याच्या. पण कौतुक सगळं उजव्या पायाचं. गाडी सुसाट निघाली की ‘काय पिकअप आहे!’ म्हणून ॲक्सिलरेटरची वाहवा. म्हशीच्या पुढ्यात टीचभर अंतरावर थांबली की ‘ब्रेक म्हणजे ब्रेक!’ म्हणून ब्रेकची वाहवा. क्लचचं नाव मात्र कुणी आनंदानं घेतल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेसारखं त्याचं असतं. घर तिच्या जिवावर चाललेलं असतं, पण ती घरात आहे हे पाहुण्यांना कळतं ते ती आजारी पडल्यावर.

आमच्या गाडीचा क्लच गेल्या वर्षी आजारी पडला. गाडी छोटी, तेरा वर्षांची, दोन घरं फिरून तिसऱ्यांदा आमच्याकडे नांदायला आलेली. कंपनीचं नाव सांगत नाही. तेरा वर्षांत जे काय झालं त्यात त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही. ही गाडी मी चालवत नाही. आमची सौ. चालवते. बँकेतून निवृत्त झाल्यावर साठीच्या उंबरठ्यावर ती गाडी शिकली, आणि ती शिकण्यामागे एकच कारण होतं. तिची आई वाईला असते. वय शहाऐंशी. दर गुरुवारी पुण्याहून निघायचं, कात्रज आणि खंबाटकी ओलांडायची, सुरूर फाट्याला वळायचं, आईला जेवू घालायचं आणि संध्याकाळी परत. सासूबाई गुरुवारी दहा वाजल्यापासून ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. गाडी साडेअकराला पोचते, पण वाट पाहण्यातही दीड तासाचा आनंद असतो, तो त्या वाया घालवत नाहीत.

तर त्या गाडीचा क्लच हळूहळू जड होत गेला. आधी नवीन हापशाइतका, मग जुन्या हापशाइतका. शिवाय दाबला की ‘कुईं’ आणि सोडला की ‘कुऊं’. झोपाळ्याच्या कड्यांना वर्षभर तेल न घातल्यावर वाजतात, तसा. सौ.चा डावा गुडघा बोलू लागला. डॉक्टरांनी गुडघा पाहिला आणि “क्लच कमी दाबा,” असा सल्ला दिला. पुण्यात राहून क्लच कमी दाबायचा म्हणजे मुंबईत राहून लोकलला हात न लावण्यासारखं आहे. “नाहीतर गाडी चालवणं सोडा,” असं डॉक्टर पुढे म्हणाले, आणि सौ. काही बोलली नाही. तेवीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलेली बाई जेव्हा काही बोलत नाही, तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

मला गाडीतलं काही कळत नाही. मला वाचता येतं. घरात एखादं दुखणं आलं की काही माणसं डॉक्टरकडे धावतात आणि काही पुस्तकाकडे. मी दुसऱ्या जातीचा. म्हणून मी क्लचची कुळकथा काढून बसलो.

मुळात हा क्लच लागतो कशाला? बैलगाडीला क्लच नसतो. बैल उभा असतो तेव्हा मनापासून उभा असतो आणि निघतो तो उभ्यावरूनच निघतो. वाफेच्या आगगाडीलाही क्लच नव्हता. सिलिंडरात वाफ सोडली की चाकं जागची हलत. पेट्रोलच्या इंजिनाचा स्वभाव निराळा. ते शून्यातून काम करू शकत नाही. आधी कुणीतरी त्याला फिरवून जागं करायचं, मग ते आपल्या तंद्रीत मिनिटाला सातआठशे फेरे मारत राहणार. आणि इकडे चाकं रस्त्यावर ढिम्म. एक गरगर फिरतंय आणि दुसरं हलायला तयार नाही, अशा दोघांची गाठ घालून द्यायची आहे. एकदम घातली तर गाडी बेडकासारखी उडी तरी मारते, नाहीतर इंजिन जागच्या जागी प्राण तरी सोडतं. तेव्हा दोघांना जवळ आणायचं, थोडं घासू द्यायचं, थोडं घसरू द्यायचं, आणि दोघांचा वेग एक झाला की मग मध्ये पडायचं नाही. चांगल्या मध्यस्थाचं काम यापेक्षा वेगळं नसतं.

कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट मागितलं, तेव्हा आजचा क्लच जन्मला नव्हता. त्याच्या गाडीत चामड्याचा पट्टा होता. जुन्या पिठाच्या गिरणीत ज्यांनी दळणाच्या डब्यावर बसून वेळ काढला आहे त्यांना हे चटकन कळेल. गिरणीत इंजिन सतत चालू असे, पण जातं थांबवायचं झालं की गिरणीवाला लाकडी दांड्यानं पट्टा बाजूच्या मोकळ्या कप्पीवर सरकवी. मोकळी कप्पी नुसती फिरते, काम करत नाही. पुन्हा दळण आलं की पट्टा पक्क्या कप्पीवर. बेंझसाहेबांची युक्ती हीच. तरफ ओढली की पट्टा मोकळ्या कप्पीवरून पक्क्या कप्पीवर आणि गाडी निघाली.

ही गाडी चालते हे जगाला पटवलं मात्र बेंझसाहेबांनी नव्हे, त्यांच्या बायकोनं. बर्था बेंझनं आपल्या हुंड्याचे पैसे नवऱ्याच्या धंद्यात घातले होते. नवरा हुशार, पण भिडस्त. गाडी अंगणाबाहेर फार लांब न्यायला तयार नाही. ऑगस्ट १८८८ मध्ये एके दिवशी बर्थाबाईंनी आपल्या दोन मुलांना बरोबर घेतलं, नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली आणि मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. कशाला निघाल्या? आईला भेटायला! म्हणजे जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास हा माहेरी जाण्यासाठी झाला. हे वाचल्यावर मी ते पान सौ.ला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग? आणखी कशाला कोण एवढा खटाटोप करील?”

वाटेत काय काय झालं पाहा. पेट्रोलची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. इंजिनाच्या तारेचं आवरण गेलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळी सैल पडली, ती लोहाराकडून ठोकून घेतली. इंधन संपत आलं, ते वीसलॉख गावातल्या औषधाच्या दुकानात मिळालं. म्हणून ते दुकान जगातला पहिला पेट्रोलपंप मानलं जातं. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर जोडे शिवणाऱ्याला गाठून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. चढ आला की मुलं खाली उतरून ढकलत. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर नवऱ्याला तार केली. परत आल्यावर नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. तो त्यांनी बसवला. गाडीला कान लावून दुखणं शोधण्याची विद्या या बाईंपासून सुरू होते, असं मी मानतो.

आता आमच्या दुखण्याकडे वळू. सोसायटीत गाडी आजारी पडली की वैद्यांची वाण नसते. पहिलं निदान झालं ते दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांकडून. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या, गाडीला हातही न लावता ते म्हणाले, “क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागणार. अकरा-बारा हजारांना मरण नाही.” गाडीचं वय पाहता हा आकडा म्हणजे म्हाताऱ्याला नवी कवळी आणि वर सोन्याचा दात.

प्लेट म्हटल्यावर मी प्लेटेचा इतिहास उघडला. पट्ट्यानंतर मोटारींत आला तो शंकूचा क्लच. फ्लायव्हीलच्या पोटात शंकूच्या आकाराची खोबण आणि तिच्यात घट्ट बसणारा दुसरा शंकू, वर चामडं मढवलेला. दोघं एकमेकांत रुतले की गाडी निघाली. पण चामड्याचे लाड फार. ते कोरडं पडलं की एकदम पकडे आणि गाडी हिसका मारून निघे. तेलकट झालं की घसरत राही. त्यावर त्या काळच्या मोटारवाल्यांचे उपाय वाचून मला आपल्या आजीची आठवण झाली. क्लच जास्त पकडू लागला तर एरंडेल! आणि घसरू लागला तर मुलतानी माती! म्हणजे एकाच रोग्याला सकाळी एरंडेल द्यायचं आणि संध्याकाळी मुलतानी माती फासायची. तरी रोगी जगत असे. आपणही जगलोच की.

चामड्याचे हे नखरे पाहून लोकांनी दुसऱ्या वाटा शोधल्या. तेलात बुडवलेल्या चकत्यांची चळतच्या चळत वापरून पाहिली. अखेर १९२०च्या दशकात एका कोरड्या तबकडीची पद्धत सगळीकडे रुळली. आजही तीच आहे. मध्ये एक तबकडी, तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचा मुलामा. एका बाजूला इंजिनाचं फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट. सॅंडविचच म्हणा ना.

हा घर्षणाचा मुलामा कुठून आला, त्याचीही एक कथा आहे. इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या डोंगराळ मुलुखात हर्बर्ट फ्रूड नावाचा एक गृहस्थ होता. उतारावर गाडीवान ब्रेकसाठी लाकडाला जुन्या बुटाचं चामडं लावतात हे पाहून त्यानं १८९७ मध्ये चांगल्या ब्रेकसाठी खटपट सुरू केली, असं सांगतात. त्याच्या कंपनीचं नाव फेरोडो. फ्रूड या आपल्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून त्यात बायकोच्या एलिझाबेथ या नावाचं पहिलं अक्षर घातलं की फेरोडो होतं. लग्नात बायकोचं नाव बदलण्याची चाल आपल्याकडे आहे. इथे नवऱ्यानं बायकोचं एक अक्षर घेऊन आपलं नाव बदललं आणि ते जगभर गेलं.

पण या मुलाम्याच्या गोष्टीला एक काळी बाजू आहे, ती गाळून पुढे जाणं बरं नाही. घर्षणानं तापलं तरी जळू नये म्हणून या मुलाम्यात कित्येक दशकं ॲस्बेस्टॉस घालत असत. तबकडी झिजायची म्हणजे त्याची भुकटी व्हायची. गिअरबॉक्स उतरवला की आतली ती भुकटी हवेच्या नळीनं फुर्रकन उडवून द्यायची, ही गॅरेजातली नेहमीची रीत. ती भुकटी मेकॅनिकच्या छातीत जाई. ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं फुप्फुसाचे असाध्य रोग होतात, कॅन्सरही होतो, हे पुढे सिद्ध झालं. ब्रिटनने त्यावर सरसकट बंदी घातली ती १९९९ मध्ये. गाडी गुळगुळीत निघावी म्हणून झिजत होती ती तबकडी आणि तिच्याबरोबर झिजत होती गाडीखाली निजलेली माणसं. क्लचचा इतिहास लिहिणारे याबद्दल एखादी ओळच लिहितात.

दुसरं निदान मेहुण्यांचं. ते सांगलीहून फोनवर आलं. त्यांना फोनवर ‘कुईं’ ऐकवलं. ते म्हणाले, “प्रेशर प्लेटची स्प्रिंग कडक झालीय. आणि रिलीज बेअरिंग ओरडतंय. दोन्ही टाक.” मेहुणे स्वतः कधी काही टाकत नाहीत, दुसऱ्यांना टाकायला सांगतात.

तेव्हा स्प्रिंगचं प्रकरण. तबकडीला फ्लायव्हीलवर दाबून धरायचं तर जोर पाहिजे. पूर्वी प्रेशर प्लेटमागे गोल वेटोळ्यांच्या स्प्रिंगा ओळीनं बसवलेल्या असत. सगळ्या एकदम दाबायच्या म्हणजे पायाचं काम. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांत एक वेगळी स्प्रिंग आली. पोलादाची उथळ बशी, मध्ये भोक आणि भोकाकडे वळलेल्या पाकळ्या. सूर्यफुलासारखी दिसते. पाकळ्यांची टोकं दाबली की बशी उलटी वाकते आणि तबकडी सुटते. हिचा गुण असा की अर्ध्या वाटेनंतर दाबायला सोपी जाते. युरोपात ती पसरली १९६०च्या दशकात, आणि मग छोट्या गाड्यांना तिच्याशिवाय करमेना.

या सूर्यफुलाची एक खोड मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तबकडी झिजून पातळ झाली की क्लच हलका व्हायला पाहिजे, असं तुम्हा-आम्हाला वाटेल. होतं उलटंच. तबकडी पातळ झाल्यामुळे प्रेशर प्लेट आणखी पुढे सरकते, बशीचा बाक बदलतो आणि पेडल आधीपेक्षा जड लागतं. म्हणजे जड क्लच पाहून इंजिनिअरसाहेबांनी प्लेटेचं नाव घेतलं ते अगदीच हवेतलं नव्हतं. पण त्याला ताळा असतो. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मात्र चढला नाही, तर तबकडी घसरतेय असं समजावं. मी सौ.ला विचारलं. ती म्हणाली, “कात्रज मी चौथ्यात चढते. आवाज आणि वेग बरोबर चढतात.” हे उत्तर मी इंजिनिअरसाहेबांना कळवलं. ते म्हणाले, “बायकांना ते कळत नाही.” हे उत्तर मी सौ.ला कळवलं नाही. एकाच सोसायटीत राहायचं आहे.

तिसरं निदान भाच्याचं. त्याची पिढी निदान करत नाही, विकून टाकते. “मामा, भंगार द्या ती. ऑटोमॅटिक घ्या. क्लचचं पेडलच नको.”

आता पेडल नको म्हणणारा हा काही पहिला माणूस नव्हे. हेन्री फोर्डनं १९०८ मध्ये मॉडेल टी काढली. १९२७ पर्यंत तिचे दीड कोटी नग निघाले. तिला तीन पेडलं होती खरी, पण आजच्या माणसाला त्या गाडीत बसवलं तर तो रडेल. ॲक्सिलरेटर पायाशी नाहीच, तो स्टिअरिंगजवळ हातानं ओढायचा. मधलं पेडल दाबलं की गाडी मागे. उजवं दाबलं की ब्रेक. आणि डावं? ते पूर्ण दाबलं की पहिला गिअर, पूर्ण सोडलं की दुसरा, अर्ध्यावर धरलं की न्यूट्रल. म्हणजे अख्खा घाट पहिल्यात चढायचा तर डावा पाय माथ्यापर्यंत दाबूनच धरायचा! आमच्या डॉक्टरांनी त्या काळी दवाखाना काढला असता तर माडी बांधली असती. आज आपल्याला ठाऊक असलेला क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर हा क्रम एका कॅडिलॅकमध्ये १९१६ मध्ये दिसला आणि १९२२च्या छोट्या ऑस्टिन सेव्हननं तो घरोघर नेला.

भाच्याचं म्हणणं अगदी टाकाऊ होतं असंही नाही. आपल्याकडे २०१४ साल या बाबतीत मोठं विलक्षण गेलं. जानेवारीत मारुती ८०० निघायची बंद झाली. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या मालकाच्या हाती जिची किल्ली दिली, ती ही गाडी. मध्यमवर्गातल्या हजारो डाव्या पायांनी पहिला क्लच दाबला तो हिचा. मे महिन्यात ॲम्बॅसडर थांबली. आणि त्याच फेब्रुवारीत सेलेरिओ नावाच्या छोट्या गाडीत क्लचचं पेडल नाहीसं झालं. पेडलच तेवढं, आतला क्लच होता तिथेच आहे, तो दाबायला एक यंत्र नोकरीला ठेवलं. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणतील, काम तेच, फक्त गडी ठेवला. पण गडी ठेवायला पैसे लागतात. नव्या गाडीचा आकडा भाच्यानं सांगितला तेव्हा सौ.नं चहाचा कप खाली ठेवला आणि ती पुन्हा काही बोलली नाही.

त्या आठवड्यात पहिल्यांदा एक गुरुवार चुकला. सासूबाईंना फोन करून सांगितलं होतं. तरी त्या दहा वाजता ओट्यावर बसल्या होत्या, असं त्यांच्या शेजारणीनं सांगितलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर सौ. खाली गेली. मला वाटलं, गाडीत पर्स राहिली असेल. वीसेक मिनिटांनी ती वर आली आणि म्हणाली, “अहो, इंजिन बंद आहे तरी वाजतंय.”

“काय वाजतंय?”

“क्लच. किल्लीच लावली नव्हती. नुसतं बसून दाबला. कुईं होतंच. आणि जडही तेवढाच.”

मी पुस्तक उघडलं आणि मला ते वाक्य सापडलं. रिलीज बेअरिंग हे फिरणाऱ्या पाकळ्यांना टेकून फिरतं. ते खराब झालं असेल तर इंजिन चालू असताना क्लच दाबला की घरघरतं. इंजिन बंद असेल तर पाकळ्याच फिरत नाहीत, मग बेअरिंग ओरडेल कशाला? म्हणजे सांगलीचं निदान बाद. आणि उलट, क्लच सोडलेला असताना येणारा आवाज दाबल्यावर थांबला, तर तो गिअरबॉक्सच्या पोटातल्या बेअरिंगचा. तेही इथे नव्हतं. तीन इंजिनिअरांनी तीन दिवसांत जे केलं नाही ते या बाईनं किल्ली न लावता केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सातारा रस्त्यावरच्या एका मिस्त्रींकडे गाडी घेऊन गेली. मी बरोबर होतो, शेजारच्या सीटवर. मिस्त्री साठीचे, कानावर पेन्सिल. सौ. म्हणाली, “भाऊ, इंजिन बंद असताना पण वाजतंय.” मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, “ताई, अर्धं काम तुम्हीच केलंत की. लोक नुसतं ‘आवाज येतोय’ म्हणतात. कधी येतोय ते सांगत नाहीत.”

मग त्यांनी बॉनेट उघडलं आणि गिअरबॉक्सच्या बाजूची क्लचची वायर सोडवली. “ताई, आता दाबा.” पेडल तेवढंच जड, कुईंही तेवढंच. “गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही,” मिस्त्री म्हणाले. वाक्य साधंच, पण ऐकताना अकरा हजार रुपये माझ्या खिशात परत येऊन बसल्यासारखं वाटलं. नंतर त्यांनी वायरीचं दुसरं टोक पेडलावरून काढलं. “आता?” पेडल पिसासारखं खाली गेलं. पण कुईं होतंच!

म्हणजे दुखणी दोन होती. जडपणा वायरीचा आणि कुईं पेडलाच्या खिळीचं. आम्ही सगळे एकच गुन्हेगार शोधत होतो, आणि इथे दोन स्वतंत्र चोर एकाच रात्री एकाच घरात शिरले होते.

ही वायर म्हणजे तरी काय? सायकलच्या ब्रेकची वायर पाहिली आहे ना? तिचीच थोरली बहीण. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन नावाच्या आयरिश माणसानं १८९६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. लवचीक नळी आणि तिच्यात पिळाची तार. नळीची दोन्ही टोकं जागची हलू द्यायची नाहीत आणि तार ओढायची. मग वाटेत कितीही वळणं असोत, या टोकाची ओढ त्या टोकाला पोचते. बाउडन नावाचाच दुसरा एक गृहस्थ रॅले सायकल कंपनीचा मालक होता, म्हणून कित्येक जण हे श्रेय त्याला देऊन टाकतात. दोघांचा संबंध नाही. शोध एकाचा आणि नाव त्याच आडनावाच्या श्रीमंताचं, हे काही आपल्याला नवीन नाही.

या तारेचा शत्रू एकच, वळण. वळण जितकं तीव्र तितकी तार नळीला आतून घासते. आमच्या गाडीत वायर धरून ठेवणारी एक क्लिप आधीच्या कुठल्यातरी मालकाच्या काळात तुटली होती. वायर सुटून खाली आली होती आणि कोपऱ्यात कोपरासारखी वाकली होती. मिस्त्रींनी तार बाहेर ओढली तर त्या कोपऱ्यातले पाचसहा पदर तुटून केरसुणीसारखे पिंजारले होते. “आणखी महिनाभर,” ते म्हणाले, “आणि एखाद्या घाटात तुटली असती.” सौ.नं माझ्याकडे पाहिलं. मी खंबाटकीचा विचार करत होतो. तीही तोच करत असणार.

“थोडं तेल सोडलं असतं वायरीत तर?” मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

“नाही काका. आत प्लास्टिकचं अस्तर असतं. तेल घातलं की धूळ धरतं आणि जास्त घासतं. वायर बदलायची. तेल-ग्रीस फक्त खिळीला.” मग त्यांनी पेडलाची खीळ काढली, गंज पुसला, नवा बुश टाकला, ग्रीस लावलं, नवी वायर जुन्या वाटेनं नीट वळवून क्लिपेत बसवली आणि शेवटी नट फिरवून पेडलाला वरच्या वर बोटभर मोकळा खेळ ठेवला. त्याला गॅरेजात ‘प्ले’ म्हणतात. हा ठेवला नाही तर क्लच पूर्ण पकडत नाही, बेअरिंग विनाकारण पाकळ्यांना टेकून राहतं आणि तबकडी घसरत घसरत झिजते. “आणि ताई,” मिस्त्री म्हणाले, “सिग्नलला न्यूट्रल करून पाय खाली ठेवायचा. पेडलवर पाय ठेवून बसायचं नाही. गुडघाही राहील आणि क्लचही.” डॉक्टरांची फी यापेक्षा जास्त होती.

सगळे मिळून साडेआठशे रुपये झाले. इंजिनिअरसाहेबांना आकडा सांगितला. ते म्हणाले, “तात्पुरतं केलंय.” भाचा म्हणाला, “पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक घ्या.” त्याचंही खरं असेल. विजेच्या मोटारीला क्लच लागत नाही, कारण विजेची मोटर बैलासारखीच उभ्यावरून निघते. सव्वाशे-दीडशे वर्षं चामडं, एरंडेल, ॲस्बेस्टॉस, सूर्यफूल आणि वायरी करून मोटार पुन्हा बैलाच्या अकलेला येऊन पोचली आहे. तेव्हा डाव्या पायाला काही काम उरणार नाही, आणि बंद गाडीत बसून कान देण्याचंही काम फारसं उरणार नाही. कधीतरी तेही होईल. तोवर आमच्याकडे तीन पेडलं आहेत.

पुढच्या गुरुवारी सौ. एकटी गेली. मी येऊ का विचारलं, तर म्हणाली, “कशाला? तुम्ही पुस्तक घेऊन बसाल आणि वाटभर बर्थाबाईंचं सांगाल.” सकाळी निघाली. मी खिडकीतून पाहिलं. फाटकाशी गाडी थांबली, पुन्हा निघाली, आवाज काही आला नाही. साडेअकरानंतर फोन वाजला. बर्थाबाईंनी नवऱ्याला तार केली होती, त्यात काय लिहिलं असेल याचा मी विचार करत होतो. आमच्याकडच्या तारेत एवढंच होतं: “पोचले. खंबाटकीत वाजला नाही. आई म्हणतेय, आज पाच मिनिटं उशीर झाला.”